डाव्या दारातल्या स्पीकरचा खुनी

अख्ख्या खानदेशात गुप्तहेर एकच, तो मी, हितेंद्र. माझी नजर घारीची आहे. बायको, नूतन, अजून पुरावा मागते, तो भाग वेगळा.

सासुरवाडीला, सावद्याला, रविवारी शेतात झकास भरीत पार्टी झाली. सोमवारी सकाळी केळीचा व्यापार करणारा मेव्हणा भूषण तणतणत आला. "दाजी, नव्या गाडीच्या डाव्या दारातला कंपनीचा स्पीकर फाटला! नुसता फडफडतोय. हे वनाचंच काम. आजच काढतो त्याला."

वना म्हणजे ड्रायव्हर, पिंपळनेरकडचा. "भाऊ, मनी काय चूक शे?" तो रडवेला झाला. घर त्याच्या एकट्याच्या कमाईवर.

"आधी तपास!" मी गरजलो. "आणि गुन्हेगाराने नवा स्पीकर बसवून द्यायचा. पुन्हा या गाडीत पाय ठेवायचा नाही."

"कबूल," भूषण म्हणाला.

गाडी घेऊन आम्ही सगळेच स्पीकरच्या दुकानात गेलो. मी दार हुंगलं. पहिला संशयित, केळीच्या वासाने आलेला उंदीर. दुसरा, भूषणवर जळणारा रावेरचा व्यापारी. तिसऱ्या सासूबाई, कमलबाई, कारण त्यांना मोठ्या आवाजातली गाणी सोसत नाहीत. हे मी बोललो तेव्हा त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. नंतर चहा आला, तो मला सोडून सगळ्यांना.

फिटरने जाळी काढली. स्पीकरचा कागद आरपार फाटलेला, आत अडकलेलं एक टोक.

"शस्त्र!" मी ओरडलो. "विषारी असणार!"

"कसलं विष?" कमलबाईंनी ते उचललं. "कपाशीची काडी आहे ही. काल वांगी ह्यांच्यावरच भाजली ना? काड्या कोणी आणल्या?"

वना फडक्याने गाडीची काच पुसायला लागला. घरच्या जावयाचं नाव तो बिचारा कसं घेणार?

"ह्यांनी!" नूतन म्हणाली. "काल गाडीत मी मागेच बसले होते. भारा पायाशी घेऊन पुढे बसले. दार लागेना, तर आपटून लावलं. वना म्हणत होता, भाऊ, काड्या मागे टाका. तर हे म्हणतात, गुप्तहेराला दार लावायला शिकवतोस?"

"हा परिस्थितीजन्य पुरावा..."

"दाजी," भूषण हसू दाबत म्हणाला, "शिक्षा तुम्हीच ठरवलीय."

संध्याकाळी मी सावद्याच्या स्टँडवर जळगावच्या एसटीची वाट बघत उभा होतो. नूतनला जळगावला सोडायला वना गाडी घेऊन निघाला. माझ्यासमोर त्याने काच खाली केली. "भाऊ, भरीत मातर झकास व्हतं!"

नवा स्पीकर छान वाजत होता. गाडी वळेपर्यंत मला गाणं ऐकू येत होतं.