गावंडे सरांचे ‘ईट अप’

अमरावतीतील कोणत्याही लग्नात उष्टी ताटे ठेवण्याच्या टपाशी गावंडे सर उभे असत. ताटात वांग्याची एक फोड जरी उरली, तरी सरांचा हात आडवा येई. “ईट अप, भाऊ. काहून टाकून राहिले?” कित्येकजण तो टप चुकवून ताट हळूच खुर्चीखाली सरकवीत. एका फौजदाराने मात्र टपाशी उभ्यानेच सगळा भात संपविलेला मी पाहिला आहे.

दर्यापूरच्या शाळेत सर इंग्रजी शिकवीत, मी संस्कृत. मधल्या सुटीत आमचे डबे शेजारी उघडत. माझी चित्राहुती होईपर्यंत सर घास हातात धरून थांबत. ‘ईट अप’ या क्रियापदाचा अर्थ त्यांनी मला तेथेच समजाविला. ‘ईट’ म्हणजे खाणे. ‘अप’ जोडले की ते खाणे शेवटास जाते, ताटात काही उरत नाही.

“म्हणजे आमच्या धातूस उपसर्ग लागावा तसे,” मी म्हणालो.

“बरोबर, शास्त्रीजी. पण वापर ध्यानात ठेवा. हे परक्याले म्हनत नाई. माय लेकराले म्हनते.”

“मग लग्नात सगळ्यांना कसे म्हणता?”

“माह्या डोयापुढं जेवते, तो परका कसा?”

गेल्या वैशाखात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचे, प्राजक्ताचे लग्न निघाले. वरपक्ष अकोल्याचा, गोतावळा मोठा आणि मानपानाचा. आदल्या दिवशी तिने माझ्यादेखत वडिलांना बजावले, “बाबा, उद्या त्या टपाजवळ दिसले न तुमी, त मी मांडवातच येत नाई. माह्या सासरच्यांचा अपमान नोका करू.”

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. “बरं बाई. शब्द देला.”

मग त्यांनी मलाच स्वतःवर राखणीस नेमले. दुसऱ्या दिवशी जेवणे सुरू झाली. वराच्या मामांनी पुऱ्या, जिलेबी आणि आलूवांग्याचा डोंगर वाढून घेतला आणि निम्मा तसाच ठेवून ते टपाकडे निघाले. सरांची बोटे माझ्या मनगटात रुतली.

“शास्त्रीजी, मले धरून ठेवा.”

मी धरले. मामांनी ताट टपात टाकले आणि ते पानाच्या तबकाकडे वळले. सरांनी डोळे मिटून घेतले. दिलेला शब्द त्यांनी दिवसभर असाच पाळला.

पाठवणीची वेळ आली. प्राजक्ता सकाळपासून जेवलेली नाही, हे त्या गर्दीत सरांच्याच ध्यानात आले. त्यांनी स्वतः वरणभात वाढून आणला, तूप घातले आणि तिच्यासमोर बसले. तिने दोन घास घेतले. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

“बाबा, जाऊ आता?”

ताट तसेच भरलेले होते. सरांनी त्याच्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“जाय, बाई,” ते म्हणाले.

गाडी गेली. खुर्च्या एकीवर एक रचल्या जाऊ लागल्या. सर दिसेनात म्हणून मी मांडवात परतलो. ते लेकीच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर तिचे ताट होते. तिने कालवलेला घास जसाच्या तसा उचलून त्यांनी तोंडात घातला.

“सर, वहिनी शोधताहेत तुम्हाला.”

“येतो, शास्त्रीजी,” खाली मान घालून ते म्हणाले, “वरन थंड झालं तिचं.”

मी एक खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो. ते अगदी सावकाश जेवत होते.