शंखातल्या पाहुण्याला कावळा शिवेना

"ज्यानं खान्देशातल्या मारक्या म्हशी सांभाळल्या, त्याला सुपारीएवढे खेकडे काय जड?" असं बाजीराव छाती फुगवून म्हणाले, आणि तिथंच सगळं फसलं.

सुरतेत उधन्याला राहणाऱ्या बाजीरावांच्या लेकीचं, निशाचं लग्न इच्छापोरला कारखान्यात असलेल्या लखनशी जमत आलं होतं. पोरगा निर्व्यसनी. नाद एकच: काचेच्या पेटीत खारं पाणी, त्यात प्रवाळ, आणि पाठीवर शंख घेऊन हिंडणारे चार बारके खेकडे. आईला, म्हणजे सुषमाबाईंना, साखरपुड्यासाठी अमळनेरहून आणायला निघताना त्यानं ती पेटी होणाऱ्या सासऱ्यांच्या ताब्यात दिली. चिमूटभर खाणं घाला आणि बाकी कशाला हात लावू नका, एवढं बजावून तो गेला.

साखरपुड्याच्या सकाळी बाजीराव खाणं घालायला गेले, तर वाळूवर लाल पायांचा खेकडा शंखाबाहेर उताणा! नांग्या, मिशा, डोळे, सगळं जागच्या जागी. हालचाल तेवढी नाही. त्यांनी पळीनं अलगद वर काढला. लसणाच्या सालीसारखा हलका. एका रात्रीत किती वाळला बिचारा, म्हणून त्यांच्या बायकोनं, काशीबाईंनी, डोळ्याला पदर लावला.

बाजीरावांना घाम फुटला. सुषमाबाई पायगुण मानणाऱ्या. साखरपुड्याच्याच दिवशी मुलीच्या घरी मयत म्हटल्यावर पोरीला नावं ठेवणार आणि आल्या पावली परत जाणार. निशा म्हणाली, लखनला फोन करून विचारू. बाजीरावांनी तिचा फोनच काढून घेतला. काशीबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. दारी आलेला पाहुणा गेलाय, त्याचं रीतीप्रमाणे करायला हवं, नाहीतर पुढं आडवा येईल. दहावा दिवस उजाडायची वाट बघायला कुणाला सवड होती? खेकडा गच्चीवर तुळशीच्या कुंडीत पुरला आणि कठड्यावर भाताची मूद ठेवली.

एरवी पापड वाळत घातले की उधन्यातले झाडून सगळे कावळे त्या गच्चीवर जमायचे. आज एकच आला, टाकीवर बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला.

"त्याना जीव कशामा तरी अडकेल शे," काशीबाई कुजबुजल्या. "तुम्हीन काही तरी कबूल करा."

बाजीरावांनी हात जोडले. तुझ्या मालकाचं लग्न थाटात लावीन. कावळा ढिम्म. तुझ्या तिन्ही भावांना काही कमी पडू देणार नाही. कावळ्यानं पंख खाजवला. शेवटी बाजीराव गहिवरले. टीव्ही काढून त्या जागी तुझ्या भावांची पेटी ठेवीन, जन्मभर सांभाळीन, पण पोरीच्या साखरपुड्यात आडवा येऊ नको!

"कोणाला बोलताय, मामा?"

जिन्यात लखन उभा होता. शेजारी सुषमाबाई, मागं कपाळावर हात मारून घेतलेली निशा. बाजीरावांनी लपवायचा नाद सोडला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. पोरीचा यात काही दोष नाही, हे तीनदा सांगितलं.

लखननं कुंडी उकरली आणि तो मटकन खाली बसला. बाजीरावांना वाटलं, धक्का बसला. पण पोरगा हसू आवरत होता. "मामा, ही त्याची कात आहे. वाढला की हा अंगावरचं जुनं कवच टाकतो. तो शंखात आहे."

सगळे धावत खाली आले. थोडा वेळ थांबल्यावर शंखातून लाल पाय हळूच बाहेर आला. काशीबाईंनी त्याला नमस्कारच केला.

सगळ्यांचे डोळे सुषमाबाईंच्या तोंडाकडे. जित्या जिवाचं श्राद्ध घालणारी माणसं, आता या काय म्हणणार?

सुषमाबाईंनी आधी पेटीकडे पाहिलं. लग्नानंतर त्या लेकाकडेच राहायला यायच्या होत्या, आणि त्याच्या एवढ्याशा खोलीत देवाला कोनाडा नव्हता, पण खेकड्यांना निळा-पांढरा उजेड होता. मग त्यांनी बाजीरावांकडे पाहिलं.

"पोर आम्हीन आनंदमा लई जासूत, भाऊ. आमले दुसरं काहीच नको. फक्त तुम्हीन आते वर जे कबूल करं, ते पाळा."

बाजीराव घाईघाईनं हो म्हणाले.

संध्याकाळी निशाचा साखरपुडा थाटात झाला, आणि टीव्हीच्या जागी चार घरजावई कायमचे राहायला आले.