जेवणानंतर तीन तास

"एक मुलगी शोधायची, तीही चार आठवड्यांसाठी? आठ दिवसांत उभी करतो!" ईस्टरच्या जेवणाला कोकराचं हाड हातात धरून ओरेस्ते लिव्हेरानीने जाहीर केलं, आणि ते हाड असं ताटात ठेवलं की जणू विषय संपला.

आता ओरेस्तेच्या बढाईला आधार नव्हता असं नाही. इटलीतल्या फाएन्झाच्या वॉशबेसिनच्या कारखान्यात तो बारा वर्षं माणसं भरती करत होता. समोरचा माणूस खुर्चीत बसायच्या आत आपल्याला त्याची पारख होते, असं तो सांगत असे. बसल्यावर पुढे काय होतं, ते कारखान्यातली माणसं सांगत.

झालं होतं असं की, त्याच्या आईने, नीवेसबाईंनी, सगळ्यांच्या ताटात वाढून झाल्यावर शांतपणे सांगितलं होतं, "या जुलैत मी नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! डॉक्टरांनी गुडघ्यांना चिखलाचे बारा लेप लिहून दिलेत. मी आणि माझी मैत्रीण योलांडा डोंगरात जातोय, गंधकाच्या झऱ्यांवर. दोन आठवडे चिखल."

"आणि उरलेले दोन आठवडे?"

"उरलेले दोन आठवडे कुणीच नाही," नीवेसबाई म्हणाल्या आणि बटाटे पुढे सरकवले.

घरावर वीजच पडली! शाळा जूनमध्ये बंद होते ती थेट सप्टेंबरात उघडते. जून चर्चच्या शिबिरात निघून जातो. ऑगस्टमध्ये ओरेस्तेचा कारखाना बंद असतो. राहतो जुलै. जुलैत ओरेस्तेची बायको मोरेना सहकारी संस्थेच्या शेडमध्ये पीचच्या पेट्यांत गळ्यापर्यंत बुडालेली असते, रविवारीसुद्धा. म्हणून गेली नऊ वर्षं जुलै आला की नीवेसबाई नातवंडांना घेऊन समुद्रावर जात. त्याच दोन भाड्याच्या खोल्या, किनाऱ्यावर तीच तिसऱ्या रांगेतली सत्तावीस नंबरची छत्री. आधी एलिया एकटा होता, मग मिर्टा झाली. नऊ वर्षांत बाईंनी कधी 'हुं' की 'चूं' केलं नव्हतं.

पण ओरेस्तेने एक गोष्ट पाहिली होती. आईच्या खोलीत पलंगावर सुटकेस उघडी पडली होती, आणि तिच्यात सगळ्यात वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, चंदेरी बुटांचा जोड होता. नाचायचे बूट. आई-बाबा दर शनिवारी नाचायला जात. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून ते बूट कपाटाबाहेर आले नव्हते. गंधकाच्या गावात रोज संध्याकाळी सहाला वाद्यवृंद असतो, हे ओरेस्तेला माहीत होतं. काय वाटेल ते झालं तरी आईला पाठवायचंच, असं त्याने मनाशी ठरवलं. फुशारकीच्या खाली एवढं खरं होतं.

"ओ पेअर ठेवू," तो म्हणाला.

"मोलकरीण?"

"नाही गं आई! परदेशातली शिकणारी मुलगी असते. आपल्यात राहते, आपल्यात जेवते, मुलांकडे बघते आणि आपली भाषा शिकते. घरातलीच एक."

"घरातलीच एक," नीवेसबाईंनी ते शब्द चव घेऊन पाहिल्यासारखे उच्चारले. "बरं. पण तिला मी बघणार."

पहिली मुलाखत स्वयंपाकघरातच झाली. टेबलावर लॅपटॉप, समोर ओरेस्ते टाय लावून, मागे नीवेसबाई लाटणं घेऊन. पडद्यावर स्कॉटलंडची कर्स्टी होती. हसरी, तोडकंमोडकं का होईना पण इटालियन बोलणारी.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" ओरेस्तेने विचारलं.

"पाच वर्षांनी?" कर्स्टी गडबडली. "मी जुलैपुरतीच येतेय ना?"

ओरेस्ते पुढचा प्रश्न शोधत होता, तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून पीठ लागलेलं लाटणं पडद्यासमोर आलं.

"पोरी, मुलं जेवली की किती वेळाने पाण्यात सोडशील?"

"लगेच!" कर्स्टी आनंदाने म्हणाली.

लाटणं मागे गेलं. थोड्या वेळाने आतल्या खोलीत सुटकेसची चेन वाजली. ओरेस्तेने जाऊन पाहिलं, तर आईने अंघोळीचा झगा काढून पुन्हा कपाटात लावला होता.

"अगं आई!"

"लगेच म्हणाली! भरल्या पोटी! पोराच्या पोटात गोळा येईल तेव्हा मी कुठे असेन? चिखलात!"

दुसरी हॉलंडची फेम्के. ती म्हणाली, अर्धा तास. सुटकेसमधून चपला बाहेर आल्या. मग एकीने विचार करून एक तास सांगितला, तेव्हा दोन फ्रॉक बाहेर आले. फिनलंडची आयनो म्हणाली, "आमच्याकडे बर्फाला भोक पाडून उडी मारतात, जेवण झालेलं असो नसो." त्या दिवशी नीवेसबाईंनी जवळजवळ सगळी सुटकेस रिकामी केली आणि योलांडाला फोन लावला. ओरेस्तेने धावत जाऊन तो कापला.

आता सुटकेसमध्ये फक्त बूट उरले होते. मे संपत आला होता. मोरेना म्हणाली, "आठ दिवसांत उभी करणार होतास ना रे? बसलेली तरी दाखव!"

त्या टोमण्याने घात केला. पुढच्या मुलीशी, एस्टोनियाच्या लीसशी, ओरेस्तेने आदल्या दिवशी कारखान्यातून गुपचूप बोलून घेतलं. एका कागदावर त्याने स्वतःच्या हाताने अकरा प्रश्न आणि अकरा उत्तरं लिहिली आणि फोटो काढून पाठवला. 'एवढं पाठ करा.' बारा वर्षांत कुणी उमेदवाराने असं केलं असतं, तर त्याने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं!

मुलाखत मात्र देखणी झाली. लीस ताठ बसली होती, वेणी घट्ट, चेहऱ्यावरची एकही रेघ हलत नव्हती.

"किती वेळाने पाण्यात सोडशील?"

"तीन तास. खरबूज खाल्लं असेल तर साडेतीन."

लाटणं थांबलं.

"आणि केस ओले असले तर?"

"वाऱ्यात न्यायचं नाही. आधी पुसायचे, मग टोपी."

"आणि बनियन?"

"घाम आला की बदलायचं. एक नेहमी पिशवीत."

अकराच्या अकरा! ओरेस्ते टेबलाखाली मांड्यांवर थाप मारत होता. नीवेसबाई मात्र कणकेकडे बघत उभ्या राहिल्या.

"सगळंच येतंय हिला," त्या हळूच म्हणाल्या. मग आत गेल्या आणि एकेक कपडा परत सुटकेसमध्ये भरला. आईला आनंद झाला असेल असं ओरेस्ते धरून चालला. माणसांची पारख होती ना त्याला!

एक जुलैला लीस आली, आणि नीवेसबाई योलांडाच्या भाच्याच्या गाडीतून डोंगरात गेल्या. ओरेस्ते आठवडाभर कारखान्यात छाती पुढे काढून हिंडला. रोज संध्याकाळी तो फोन करी आणि लीस सांगे, "सगळं कागदाप्रमाणे चाललंय." दोन रखवालदार आणि एका हिशेबनिसाला त्याने 'चांगली भरती कशी करावी' यावर न विचारता व्याख्यानही दिलं.

शनिवारी दुपारी तो समुद्रावर पोहोचला. तिसऱ्या रांगेत सत्तावीस नंबरच्या छत्रीखाली एलिया आणि मिर्टा कोरडी ठाक बसली होती. त्यांच्या शेजारी आणखी बारा मुलं, तीही कोरडी. पुढे लीस उभी, गळ्यात शिटी, हातात वही.

"ही कोण मुलं?"

"एकोणीस, बावीस, चोवीस आणि तीस नंबरची," लीस म्हणाली. "त्यांच्या आज्यांनी विचारलं, आमचीही बसवाल का? त्या पत्ते खेळताहेत."

पलीकडून बावीस नंबरच्या दिलियाबाई पत्त्यांतून मान वर करून ओरडल्या, "ओरेस्ते, अरे सोनं आणलंस सोनं! नऊ वर्षांत असा सुखाचा डाव मांडला नव्हता!"

ओरेस्ते फुलला. तेवढ्यात मिर्टाने त्याची चड्डी ओढली.

"बाबा, आम्ही पाण्यात गेलोच नाही."

"आज?"

"आल्यापासून!"

लीसने वही उघडून दाखवली. न्याहारी आठला, म्हणजे अकरापर्यंत बंद. दहाला पीच, म्हणजे एकपर्यंत बंद. साडेबाराला जेवण, साडेतीनपर्यंत बंद. तीनला आइसक्रीम, सहापर्यंत बंद. सहाला वारा सुटतो, आणि वाऱ्याबद्दल कागदावर वेगळं कलम होतं.

"पण आइसक्रीमसुद्धा?" ओरेस्तेने कळवळून विचारलं.

"कागदावर 'काहीही खाल्लं की' असं आहे."

"थोडं सैल सोडायचं गं."

"किती मिनिटं? लेखी द्या," लीस म्हणाली. तिच्या बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. मुलगी खरंच मन लावून काम करत होती, आणि तेच भयंकर होतं!

लेखी काय देणार, कपाळ! लेखी दिलं, मिर्टाने आजीला सांगितलं, तर तो कागद कुणी लिहिला ते उघड होणार. आई चिखलातून उठून येणार. ओरेस्तेने त्या रात्रीपुरतं गप्प राहायचं ठरवलं. पण मिर्टा आठवडाभर गप्प बसली होती, ती आणखी किती बसेल? झोपण्याआधी तिने आजीला फोन लावला.

रविवारी दुपारी दोन वाजता किनाऱ्याच्या फळ्यांवरून काठीचा आवाज आला. नीवेसबाई! डाव्या गुडघ्यावर पट्टी, उजव्यावर वाळलेला चिखल तसाच, मागे योलांडाचा भाचा घाम पुसत.

"किती वाजता जेवलात?" त्यांनी नातवंडांना विचारलं.

"साडेबाराला," एलिया म्हणाला.

"मग पाण्यात का नाही?"

आख्ख्या रांगेतले पत्ते खाली आले.

"नीवेस!" दिलियाबाई किंचाळल्या. "तीन तास!"

"तीन तास म्हणायचे असतात, दिलिया! पाळते कोण? तू पाळलेस?"

दिलियाबाईंनी पत्ते पुन्हा तोंडासमोर धरले.

नीवेसबाई आपल्या खुर्चीत टेकल्या. "जेवण झालं की मी इथे पडते. पहिला तास खरंच झोपते. मग या दोघांची कुजबूज ऐकू येते, आजी उठली का, आजी उठली का. मग मी घोरते. जरा मोठ्याने. म्हणजे यांना कळतं की आता जायला हरकत नाही. एक डोळा उघडा ठेवून नऊ वर्षं घोरतेय मी!"

"आजी!" एलियाचं तोंड उघडंच राहिलं. "तुला माहीत होतं?"

लीस कावरीबावरी झाली होती. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद काढून नीवेसबाईंच्या हातात दिला. "पण इथे असं लिहिलंय."

बाईंनी कागद वाचला. मग ओरेस्तेकडे पाहिलं. तो वाळूत पायाच्या अंगठ्याने भोक पाडत होता.

"शब्द माझे आहेत," त्या म्हणाल्या. "अक्षर माझ्या मुलाचं आहे."

"आई, तुझी सुटकेस रिकामी होत चालली होती गं. मला वाटलं, तू जायचीच नाहीस. बूट परत कपाटात जातील." हे बोलताना त्याचा आवाज भरती अधिकाऱ्याचा नव्हता.

नीवेसबाईंनी कागद मांडीवर ठेवला. "अरे वेड्या, उत्तर बरोबर यावं म्हणून का मी विचारत होते? मला वाटत होतं, एकीने तरी उलट विचारावं, आजी, तुम्ही काय करता? मग मी सांगितलं असतं. ही आली ती सगळं पाठ करूनच! मी डोंगरात बसून हाच विचार करत होते, की माझ्यावाचून कुणाचंच अडलं नाही. बूट गुंडाळलेलेच आहेत अजून."

ओरेस्ते पुन्हा वाळूत भोक पाडू लागला. पुढे आली ती लीस. ती वाळूत उकिडवी बसली, वही मिटली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही काय करता?"

पुढचा अर्धा तास त्या किनाऱ्यावर जे शिक्षण झालं ते कुठल्या कागदावर मावणारं नव्हतं. घोरणं कुठून काढायचं, डोळा किती मिटायचा, मूल कमरेच्या वर पाण्यात गेलं की खोकायचं कसं. लीस दोन खुर्च्या जोडून आडवी झाली आणि घोरली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा घोरली, आणि चौदाच्या चौदा मुलं समुद्रात!

सोमवारी सकाळी नीवेसबाई परत गेल्या. मंगळवारी योलांडाने मोरेनाला कळवलं की, लेप चालू आहेत, पण सहा वाजले की गुडघे कुणाला आठवत नाहीत, आणि चंदेरी बुटांनी जमिनीवरची सगळी मेणपॉलिश पुसून काढली आहे.

पुढच्या रविवारी ओरेस्ते पुन्हा समुद्रावर आला. ऊन मी म्हणत होतं. लझान्या झाला होता, हॅमबरोबर थंडगार खरबूज झालं होतं. दोनच्या सुमारास लीस आजीच्या खुर्चीत सुरेख घोरू लागली आणि मुलं पाण्यात पळाली. ओरेस्तेने सदरा काढला, पोट आत ओढलं, आणि त्याची बोटं पाण्याला लागतात न लागतात तोच शिटी वाजली.

"अगं, मला कशाला?" तो वळून ओरडला. "आईनेच सांगितलंय ना, तीन तास नुसते म्हणायचे असतात!"

"मुलांसाठी," लीस म्हणाली. तिचा एक डोळा अजून मिटलेला होता. "तुमचं वेगळं आहे. आजींनी जाताना लेखी दिलंय."

तिने प्लास्टिकच्या पाकिटातला कागद वर धरला. अकरा उत्तरांच्या खाली, आईच्या ठसठशीत अक्षरात, बारावी ओळ होती. 'ओरेस्ते: तीन तास. खरबूज खाल्लं तर साडेतीन.'

सत्तावीस नंबरच्या छत्रीखाली ओरेस्ते लिव्हेरानी मुकाट्याने येऊन बसला. खरबूज त्याने दोनदा घेतलं होतं.