नमस्कार घेणारा हत्ती

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते पेणच्या जनार्दन म्हात्र्यांचे, म्हणजे जनूभाऊंचे. हे वाक्य मी अनेक ठिकाणी आदराने म्हटलं आहे आणि दर वेळी मला हसू दाबावं लागलं आहे. कारण मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कारखान्याच्या जमिनीवर पालथे पडले होते, एक गाल फरशीला टेकला होता, आणि ते एका लाकडी कासवाला शिव्या देत होते.

दोरी ओढली की कासवाने चालायचं होतं. ते चालत नव्हतं. मी आणि माझ्या वर्गातली रेहाना दारात बराच वेळ उभे राहिलो. शेवटी मान न वळवता जनूभाऊ म्हणाले, "आलात? बसा. आधी या हरामखोराला नापास करतो."

कासव उचलून त्यांनी भिंतीवरच्या एका फळीवर ठेवलं. त्या फळीवर खडूने 'नापास' असं लिहिलेलं होतं आणि तिच्यावर जागा उरली नव्हती.

ही नव्वदीतली गोष्ट. आम्ही दोघं रोह्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होतो. मुलांनी पुस्तकाबाहेरचं काही काम शिकावं असं आमच्या एका सरांच्या मनात आलं, आणि त्यांनी आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत आणि त्यापुढे शनिवार-रविवारी जनूभाऊंकडे पाठवलं. 'इंटर्नशिप' हा शब्द तेव्हा आमच्या गावापर्यंत आला नव्हता. आम्ही उमेदवारी करत होतो. माझे वडील राइस मिलमध्ये हमाल. मुलगा शिकून पेणला खेळणी करायला जातो, हे त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलंच नाही. 'कंपनीत जातो' एवढंच ते सांगत.

जनूभाऊही पूर्वी कंपनीतच होते. रोह्याच्या औषधांच्या कंपनीत फिटर. शिफ्ट संपली की भंगारातल्या पट्ट्या आणि छर्रे घेऊन काहीबाही जुळवत बसायचे. एक दिवस राजीनामा दिला, पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत अर्धी शेड भाड्याने घेतली आणि शाळेतल्या मुलांसाठी 'शिकवणारी खेळणी' करायला लागले. सुलोचनाकाकू, म्हणजे त्यांची बायको, डबा घेऊन यायच्या तेव्हा आम्हाला म्हणायच्या, "कारखाना कसला रे, बालवाडी हाय ही. आणि सगळ्यात लहान पोर ह्येच."

पहिला आठवडा जनूभाऊंनी आम्हाला नुसतं खेळायला लावलं. मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी प्रत्येक खेळण्यामागचं तत्त्व सांगायला सुरुवात केली. हा तरफेचा पहिला प्रकार, हे गुरुत्वमध्याचं उदाहरण. जनूभाऊंनी कानात बोटं घातली आणि मी थांबेपर्यंत काढली नाहीत. मग म्हणाले, "सांगितलंस की खेळ मेला. पोरांच्या हातात द्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बोललं की ते खेळणं नाय, ती शिक्षा हाय."

हा त्यांचा कायदा होता आणि तो सगळ्यांना लागू होता. आमच्या घरात विकत आणलेलं खेळणं मी कधी पाहिलं नव्हतं. वयाच्या विसाव्या वर्षी, मिशी फुटल्यावर, मी जनूभाऊंच्या शेडमध्ये पहिल्यांदा पोटभर खेळलो. उपकार म्हणतो ते यासाठीही.

रेहानाचं उलट. तिचे अब्बा कुवेतला. तिच्या घरी शोकेसमध्ये परदेशी मोटार होती. लांब वायर, बटणं, पुढे दिवे. रेहाना पाचवीत असताना आलेली ती मोटार खराब होईल म्हणून अजून कोणी बाहेर काढली नव्हती. हे ऐकल्यावर जनूभाऊंना चैन पडेना. पुढच्या रविवारी ते रोह्याला तिच्या घरी हजर. रेहानाच्या अम्मीने शरबत दिलं, शेवया दिल्या. जनूभाऊ शोकेससमोर उभे राहून हळहळत म्हणाले, "भाभी, हिला जामीन द्या." अम्मी हसून हसून बेजार झाल्या, पण किल्ली काही दिली नाही.

विक्रीच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. पेणच्या बाजारातल्या एका दुकानदाराने त्यांची भोवऱ्यांची पेटी उलटसुलट करून विचारलं, यात सेल कुठे घालायचे? जनूभाऊ म्हणाले, "पोराच्या डोक्यात." त्या दुकानाकडे पुन्हा जाण्याची सोय राहिली नाही. एस.टी.तून माल नेताना ते लाकडी माकड खिडकीच्या जागेवर बसवत आणि स्वतः उभे राहत. कोणी हटकलं तर सांगत, त्याला गाडी लागते.

या शेडमध्ये आणखी एक माणूस यायचा. वामनमामा. मामा म्हणजे गल्लीतले आखणीचे कारागीर. गणपतीची मूर्ती घडवून, रंगवून झाली की शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. ते काम कोणाच्याही हातात देत नाहीत. मामांनी अर्धं आयुष्य फक्त डोळे काढले होते. पण अलीकडे त्यांचा हात कापायला लागला होता, आणि कारखानदार त्यांना पाट आणि उंदीर रंगवायला द्यायला लागले होते. मामा त्याबद्दल कधी बोलत नसत. दुपारी येऊन जनूभाऊंच्या शेडमध्ये बसत आणि त्यांची खोडी काढत. "काय शेठ, आज कोन नापास?"

जनूभाऊ त्यांना चिडून म्हणायचे, "मामा, तुला काम नाय तं माझ्या जनावरांना डोळे काढून दे. फुकटचा चहा पितोस." मामा कुरकुरत कुंचला उचलायचे. खेळणं छोटं असल्याने मांडीवर घेता यायचं, मनगट गुडघ्यावर टेकवता यायचं, आणि मग हात कापायचा नाही.

त्या हिवाळ्यात जनूभाऊंनी हत्ती केला. कागदाच्या लगद्याचा, पोटाखाली गोल पाळण्यासारखी पट्टी, पाठीवर दोन्ही अंगांना दोन टोपल्या. ज्या टोपलीत वजन जास्त, तिकडे हत्ती झुकायचा. मुलांना जड-हलकं कळावं म्हणून. तो पहिल्या फटक्यात पास झाला. जनूभाऊंनी शेडभर नाचून दाखवलं.

त्याच सुमारास मुंबईच्या एका संस्थेचं पत्र आलं. त्यांच्या बऱ्याच बालवाड्या होत्या. त्यांना खेळणी हवी होती, पण आधी मुलं खेळताना बघायची होती. रोह्याजवळच्या एका बालवाडीत शनिवारी प्रात्यक्षिक ठरलं. हे काम मिळालं तर शेड राहणार होती. नाही मिळालं तर मार्चनंतर शेडचा मालक ती मूर्तींसाठी घेणार होता. काकूंनी हे आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं आणि वर म्हणाल्या, त्यांना काय बोलू नका, ते खेळतायत.

मी, रेहाना आणि जनूभाऊ हत्ती घेऊन गेलो. मुंबईहून एक ताई आल्या होत्या. जाड चष्मा, हातात वही. आमच्या कायद्याप्रमाणे जनूभाऊंनी सगळ्या मोठ्यांना भिंतीला टेकून उभं केलं, कोणी बोलायचं नाही असं बजावलं, मधोमध सतरंजीवर हत्ती ठेवला, टोपल्यांशेजारी खडे, चिंचोके, फुलं ठेवली आणि मुलांना आत सोडलं.

मुलं धावत आली आणि हत्तीपाशी येऊन थबकली. एका मुलीने हात जोडले. मग सगळ्यांनी.

मी पहिल्यांदाच त्या हत्तीकडे नीट पाहिलं. मामांनी त्याला गणपतीचे डोळे काढले होते. अर्धवट मिटलेले, शांत, थेट आपल्याकडे बघणारे. मामांच्या हाताला दुसरे डोळे येतच नव्हते. पेणच्या गल्लीत आजूबाजूला सगळे तसेच डोळे, त्यामुळे आमच्यापैकी कोणाला काही वेगळं दिसलंच नव्हतं.

बालवाडीच्या बाईंनी सवयीने उदबत्ती लावली. जनूभाऊ तोंड उघडून मिटत होते, पण कायदा त्यांचाच. एका मुलाने जास्वंदीचं फूल उजव्या टोपलीत ठेवलं. हत्ती त्या बाजूला किंचित झुकला. आमच्याकडे देवाला कौल लावतात, उजवं फूल पडलं की देव हो म्हणाला. बाईंच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी झालं. त्या पुढे आल्या, खाली वाकल्या आणि हत्तीच्या कानाशी कुजबुजल्या, पण ऐकू सगळ्यांना आलं. त्यांच्या मुलीचं नागोठण्याच्या स्थळाशी जमेल का, असा प्रश्न होता. त्यांनी आणखी एक फूल उजवीकडेच ठेवलं. हत्तीने होकार दिला.

रेहाना ओढणी तोंडात कोंबून बाहेर पळाली. मुंबईच्या ताईंनी चपला काढल्या होत्या. त्या कधी काढल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं.

शेवटपर्यंत एकही मूल खेळलं नाही. ताई मात्र समजूतदार निघाल्या. त्यांनी जनूभाऊंना बाजूला घेतलं. कल्पना त्यांना फार आवडली होती. फक्त डोळे बदला, म्हणाल्या. गोल, उघडे, खोडकर डोळे काढणारा दुसरा कोणी चित्रकार घ्या, मी वर्षभराचं काम देते. कोणी काढलेत हे?

मी मनातल्या मनात होकार देऊन मोकळा झालो होतो. पेणला चित्रकारांची काय कमी.

जनूभाऊ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभे राहिले. मग म्हणाले, "डोळे मीच तसे सांगितले, ताई. ते तसेच राहतील."

ताईंनी पुन्हा एकदा समजावलं. जनूभाऊंनी पुन्हा तेच सांगितलं. ताईंनी वही मिटली.

परतीच्या एस.टी.त रेहाना त्यांच्याशी भांडली. शेड जाईल, काकूंचं काय, एवढा हट्ट कशासाठी. जनूभाऊंनी कानात बोटं घातली नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पेणला पोचलो तर मामा शेडच्या पायरीवर बसले होते. धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी जनूभाऊंकडे न बघता, हातातली काडी मोडत विचारलं, "पोरं खेळली?"

"सोडत नव्हती," जनूभाऊ म्हणाले.

"आनि डोळे?"

"डोळ्यांवरच तं भुलली सगळी. मुंबईची बाई पन."

मामा हातांचे तळवे उलटसुलट करून बघत राहिले. रेहाना पाणी आणते म्हणून आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

मार्चनंतर शेड गेली. कारखाना जनूभाऊंच्या घराच्या मागच्या पडवीत आला आणि नापासांची फळी पलंगाखाली गेली. उमेदवारी संपली तेव्हा त्यांनी रेहानाला भोवऱ्यांची पेटी दिली आणि मला तो हत्ती. पुढे मी डी.एड. केलं आणि रोहा तालुक्यातल्या एका वाडीवर शिक्षक झालो. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्यांना पत्र पाठवलं, ते असं:

तीर्थस्वरूप जनूभाऊंना साष्टांग नमस्कार.

हत्ती वर्गात ठेवला. मी काही बोललो नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी फुलं आली, तिसऱ्या दिवशी गूळ. मी गप्प. मग एका मुलीने एका टोपलीत गूळ आणि दुसरीत दगड ठेवला आणि विचारलं, बाप्पाला कुठलं जास्त झालं? त्यानंतर वर्गात जे सुरू झालं ते थांबेना. दप्तरं, चपला, काकड्या, माझा डबा, सगळं तोलून झालं. वाडीतली कोंबडीसुद्धा. ती मात्र बसायला तयार नव्हती.

पण आता तुम्हाला त्रास देतो. अनंत चतुर्दशीला मुलं ऐकेनात. म्हणाली, सगळे गणपती गेले, आपला एकटाच मागे कसा राहणार. वाजतगाजत कुंडलिका नदीवर नेऊन त्यांनी त्याचं विसर्जन केलं. कागदाचाच तो, बघता बघता विरघळला. मुलं घरी येईपर्यंत रडली आणि दुसऱ्या दिवशी विचारू लागली, नवा कधी येणार?

तेव्हा एक हत्ती पाठवावा. पुढच्या वर्षीही लागेल, आणि त्याच्या पुढच्याही. शेजारच्या दोन शाळांनाही हवे आहेत. कृपा करून मामांना आत्तापासून कामाला बसवावं. दुसऱ्या कोणाच्या हातचे डोळे आमच्या मुलांना चालायचे नाहीत.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
अशोक