बिजागऱ्यांचा आकडा

उद्योग पाच वर्षांनी कुठे न्यायचा, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं! आत्याचा बिजागऱ्यांचा कारखाना, माणसं अकरा आणि तंत्रज्ञानाचा आराखडा पानं चाळीस. आराखडा अर्थातच माझा. समोरच्या कारखान्यानं नवं यंत्र आणलं होतं आणि फर्निचरवाल्या मोठ्या कंपनीची ऑर्डर तिकडे सरकायच्या बेतात होती. ती गेली असती तर आत्याला निम्मी माणसं घरी बसवावी लागली असती.

पहिला टप्पा म्हणून मी माल पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर मोजणीचं यंत्र बसवलं. समोरून बिजागरी सरकली की आकडा एकानं वाढायचा. वीस वर्षं हातानं मोजून पोती भरणाऱ्या मावशींनी त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघितलं.

मी सगळ्यांना गोळा करून बजावलं, "उद्या कंपनीच्या बाई पाहणीला येणार. हा आकडा वाढलाच पाहिजे! सगळं त्याच्यावर आहे!"

माणसांनी ते फारच मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या तेव्हा आकडा होता एकेचाळीस हजार!

"एवढा माल? दाखवा बघू."

गोदामात होती सहा पोती. तेवढ्यात फिटर पट्ट्याजवळून गेला आणि जाता जाता त्यानं यंत्रासमोर पाच वेळा हात फिरवला. मागून वेल्डर आला, त्यानं तर झाडू फिरवला!

"अरे, हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"आकडा वाढवतोय की!" फिटर म्हणाला. "सकाळपासून पाळ्या लावल्यात. समोरच्यांना हरवायचंय ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या तर माझ्याकडे बघेचना.

बाईंनी एका पोत्यावर हात ठेवला. "यात खरोखर किती आहेत?"

"पाचशेला दोन कमी," मावशी म्हणाल्या. "दोन वाकड्या होत्या, त्या मी काढून टाकल्या."

बाईंनी पोतं ओतायला लावलं आणि स्वतः मोजलं. चारशे अठ्ठ्याण्णव! एकही वाकडी नाही.

"समोरच्यांचं यंत्र वाकड्याही मोजतं," असं म्हणून बाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी ऑर्डरचा कागद काढला. आत्यानं डोळे पुसले. मग एकेक रकाना भरणं सुरू झालं.

"जोडणी?"

"आमचा फिटर."

"तपासणी आणि मोजणी?"

"मावशी."

बाईंनी पेन माझ्याकडे रोखलं. "आणि हे काय करतात?"

आत्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली,

"भाचा आहे माझा."