ओगुटू मास्तरांची परवडणारी लेन्स

ओगुटू मास्तरांना एक लेन्स हवी होती. लांब पल्ल्याची, आणि परवडणारी. या दोन अपेक्षा एकाच माणसाने एकाच वेळी बाळगणं हा गुन्हा नाही, एवढं सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं.

किसुमू शहर संपून तलावाची दलदल सुरू होते तिथे मास्तरांचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दलदल दिसायची, पलीकडे तलावरस्ता, आणि रस्त्याला लागून एक जुना उंबर. उंबराच्या बेचक्यात हातोडीडोक्या पक्ष्याच्या जोडप्याने घरटं बांधलं होतं. काटक्या, चिखल, कुणाची तरी चप्पल आणि सरकारी फलकाचा एक तुकडा, असं सगळं घालून चांगलं पिंपाएवढं. आता त्यात पिल्लं झाली होती. मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांनी काढलेली चित्रं फळ्यावर टांगून भूगोल शिकवला होता. निवृत्त होण्याआधी स्वतः काढलेला एक तरी फोटो वर्गात लावायचा, आणि तो या पिल्लांचाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्समधून घरटं तिळाएवढं दिसायचं आणि पिल्लं तर दिसायचीच नाहीत.

बाजारातल्या ओकुमू स्टुडिओत एक वापरलेली लेन्स होती. तीनशे मिलिमीटरची. मोटर जरा घरघरायची, पण काच लख्ख. "घेऊन टाका, म्वालिमू," ओकुमू म्हणाला; तिकडे मास्तरांना म्वालिमूच म्हणतात. "तुमच्या पक्ष्याला मोटरचा आवाज थोडाच ऐकू जाणार?"

मास्तरांना थोडे पैसे कमी पडत होते. "पगार होईपर्यंत थांबा की," रिस्पा, त्यांची बायको, म्हणाली. "आणि अपियोचे बाबा, एक सांगते. बाहेर कुणाकडे बोलू नका."

मास्तर बोलले. रविवारी चर्चच्या फाटकात, जादुओंग ओलांग यांच्याकडे. हे सहकारी संघातून निवृत्त झालेले वडीलधारे गृहस्थ, म्हणून नावाआधी जादुओंग. गावात लग्न असो, मयत असो की कुणाच्या मुलाची परदेशवारी, समिती नेमली जायची आणि अध्यक्ष ओलांगच असायचे.

"एकट्याने लेन्स घेणार?" ओलांग दुखावले. "आम्ही काय मेलो का, म्वालिमू? माझ्या मुलाच्या लग्नसमितीत तू चपात्या खाल्ल्यास की नाही?"

खाल्ल्या होत्या. मास्तरांना नाही म्हणता येईना. संध्याकाळच्या आत मोबाइलवर 'ओगुटू लेन्स मुख्य समिती' नावाचा ग्रुप तयार झाला, आणि त्यातला पहिला संदेश प्रार्थनेचा होता, दुसरा वर्गणीचा.

पहिल्या बैठकीत मास्तरांनी ओकुमूकडच्या लेन्सचं नाव काढलं.

"म्वालिमू," ओलांग मायेने म्हणाले, "लाभार्थ्याने स्वतः सुचवलेली वस्तू समितीने मान्य केली, तर मग समिती कशाला?"

मग पल्ला उपसमिती, वजन उपसमिती आणि परवडणे उपसमिती नेमण्यात आल्या. पल्ला उपसमितीने सहाशेची शिफारस केली, कारण आकडा जेवढा मोठा तेवढी समितीची प्रतिष्ठा मोठी. वजन उपसमितीने ती लेन्स उचलायला दोन माणसं लागतील म्हणून हरकत घेतली. परवडणे उपसमितीची बैठकच होईना, कारण बैठकीच्या चहापाण्याची तरतूद तिला परवडत नव्हती. ज्यांच्याकडे कॅमेरे होते ते सदस्य तर भलतेच कडक निघाले. एकाने सांगितलं की अंधारात चालणारी महागडी लेन्स नसेल तर माणसाने फोटोच काढू नयेत. त्याने स्वतः आजवर कशाचे फोटो काढले, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

"पिल्लं डोकी बाहेर काढायला लागलीत," रिस्पाने भांडी घासता घासता खिडकीतून खबर दिली.

मास्तरांनी बैठकीत हात जोडले. "पिल्लं मोठी होतायत हो. जरा लवकर करा."

"घाईत घेतलेली लेन्स म्हणजे आयुष्यभराचा पश्चात्ताप," ओलांग म्हणाले, आणि अभ्यासदौरा जाहीर झाला. नैवाशासारख्या पर्यटकांच्या गावात लोक लेन्स कशा निवडतात हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किसुमूत निवडणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. समिती दोन गाड्या करून गेली. वर्गणी मास्तरांच्या लेन्ससाठी जमली होती, पण गाडीत मास्तरांना जागा उरली नाही. समिती परतली ती निष्कर्ष घेऊनच: नैवाशात लोक दुकानात जातात आणि लेन्स विकत घेतात. ही पद्धत आपल्याकडे चालण्यासारखी नाही, असं ओलांग यांनी खेदाने सांगितलं. तळलेल्या माशाच्या ताटाचे फोटो मात्र सुरेख आले होते.

"पंख फडफडवतायत!" रिस्पा ओरडली. "अहो, तुमची समिती लेन्स निवडतेय की सून शोधतेय?"

शेवटी निवड झाली. सविस्तर विचारांती समितीने शिफारस केली ती ओकुमू स्टुडिओतल्या वापरलेल्या, तीनशेच्या, किंचित घरघरणाऱ्या लेन्सची. दौऱ्यानंतर उरलेल्या पैशात तेवढीच येत होती. मास्तरांना रडावं की हसावं कळेना. ते पैसे घेऊन निघालेच होते, तोच ओलांग यांनी त्यांचा दंड धरला.

"लोकसहभाग राहिला ना! लोकांना न विचारता लेन्स घेतली तर उद्या कुणी कोर्टात जाईल."

शाळेच्या पटांगणात लोकसहभाग सभा भरली. वॉर्ड अधिकारी जातीने आले. प्रत्येक वक्त्याने बिशपपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांची नावं घेतली आणि मग "सर्व शिष्टाचार पाळले गेले असं समजावं" असं म्हणून बोलायला सुरुवात केली. एका म्हातारीने विचारलं, ही लेन्स आमच्या वाडीपर्यंत कधी पोचणार? टप्प्याटप्प्याने, असं उत्तर मिळालं. लेन्सचा ठराव टाळ्यांत मंजूर झाला. मग अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय वॉर्ड अधिकाऱ्यांनी एका दमात वाचले: आलेल्यांना सोड्याची दुसरी बाटली द्यावी, तलावरस्त्याच्या रुंदीकरणाच्या रेषेतला जैविक अडथळा दूर करावा, आणि पटांगण दिल्याबद्दल शाळेचे आभार मानावेत. "कुणाची हरकत? नाही? मग हात वर करा." मक्याच्या उगालीचा आणि माशाच्या रश्शाचा वास पटांगणात शिरला होता. सगळ्यांचे हात वर गेले. मास्तरांचा सगळ्यांत आधी, कारण सभा संपली की ते सुटणार होते.

ते सुटले नाहीत. लेन्स घरी आली ती लाल फीत बांधून आणि ओलांग यांच्या काखेत. उद्घाटनाआधी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. उद्घाटन मास्तरांच्याच अंगणात, घरट्यासमोर. मंडप, खुर्च्या, कर्णा, जेवणाची ताटं, सगळा थाट. पिल्लं आज-उद्या उडणार होती. मास्तरांचा सगळा जीव त्या फितीत अडकला होता.

ओलांग बोलायला उभे राहिले. "बिशप महोदय, वॉर्ड अधिकारी महोदय..." तेवढ्यात दलदलीपलीकडून घरघर ऐकू आली.

"मोटरचा आवाज," वजन उपसमितीचे प्रमुख शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. "मी तेव्हाच सांगत होतो."

ओलांग यांनी आवाज चढवला. घरघरही चढली. मग काहीतरी मोठं मोडल्यासारखा आवाज झाला, आणि स्वयंपाकघरातून रिस्पा धावत आली. "अहो, सोडा ती फीत! बघा! बघा तिकडे!"

मास्तरांनी ओलांग यांच्या काखेतून लेन्स ओढली, फीत दातांनी तोडली, कॅमेऱ्याला जोडली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स खरंच उत्तम होती. इतक्या लांबून सगळं स्वच्छ दिसलं. आडवा पडलेला उंबर, मोटरची करवत पुसणारा माणूस, चिखलात विखुरलेल्या काटक्या, ती चप्पल. वर घिरट्या घालणारी जोडी, चोचीत अजून बेडूक धरलेली. पिल्लं कुठेच दिसेनात. मास्तरांच्या बोटाखालचं बटण आपोआप दाबलं गेलं.

समितीने कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती गर्दी केली. "काय स्पष्टता आहे!" ओलांग भारावून गेले. "लाकडातलं वलयन् वलय मोजता येतंय."

मास्तर वॉर्ड अधिकाऱ्यांकडे वळले. "कुणी परवानगी दिली? कुणाला विचारून तोडलंत?"

"असं काय करता, म्वालिमू?" अधिकारी ताट सांभाळत म्हणाले. "सगळ्यांना विचारूनच. पहिला हात तर तुमचाच होता."

मास्तरांनी पडद्यावरचा तो फोटो पुन्हा पाहिला. उंबराला 'जैविक अडथळा' म्हणतात हे भूगोल शिकवणाऱ्या माणसाला कळू नये, याचं तुम्हाला हसू येत असेल. हसा. पण तो विषय तुमच्यासमोरही वाचला होता. इथेच, थोडं वर, सोड्याची बाटली आणि शाळेचे आभार यांच्या मधोमध, स्पष्ट शब्दांत. हरकत आहे का, असंही विचारलं होतं. तुम्ही पुढे वाचत गेलात. आपली संमती नोंदवून घेण्यात आली आहे. सहभागाबद्दल आभार.