सातव्या खिडकीतला घास

दाखल्यांच्या कार्यालयात दोन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला सगळे घाईकर म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हतं, कर्तृत्व होतं. डबा उघडल्यापासून झाकण लागेपर्यंत त्याला चार मिनिटं पुरत, आणि तेवढ्यातही पाच-सहा अर्जांवर शिक्के मारून होत. पण गेल्या रविवारी उकडलेला बटाटा त्याच्या घशात अडकला. डोळे पांढरे झाले. बायकोनं पाठीत असा गुद्दा घातला की बटाटा समोरच्या कॅलेंडरवर जाऊन चिकटला. नंतर त्याला पाणी देताना ती रडायला लागली. एकोणीस वर्षांच्या संसारात तिला असं रडताना त्यानं पाहिलं नव्हतं.

"अहो, अन्न काय पळून जातंय का कुठं?" असं म्हणून दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला आहारतज्ज्ञ बाईंसमोर नेऊन बसवलं.

बाईंनी औषध दिलं नाही की काही बंद केलं नाही. "एक घास बत्तीस वेळा चावायचा. घास तोंडात असताना बोलायचं नाही, वाचायचं नाही, काम करायचं नाही. नुसती चव बघायची. जमेल?"

"जमेल की!" घाईकरनं बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगून टाकलं.

मंगळवारी दीड वाजता त्यानं डबा उघडला. ब्रेड, काकडी, गाजर आणि मूठभर वाटाणे. मनातल्या मनात मोजताना आकडे निसटायला लागले, म्हणून तो बोटं वर करून मोजू लागला. पहिल्या गाजरालाच गंमत झाली. दहाव्या चाव्याला त्यातून गोडवा पाझरला, विसाव्याला ओल्या मातीचा वास आला, आणि बत्तिसाव्याला तो आत्याच्या परसात पोचला. तिथं ऊन कोवळं होतं, झोपाळा हलत होता आणि कुणालाही कसलीही घाई नव्हती. ऑफिसातला पंखा दूर कुठंतरी घरघरत राहिला.

दोन वाजले. म्हाताऱ्या शिपायानं नेहमीप्रमाणे सगळ्या खिडक्यांच्या फळ्या वर केल्या. घाईकरचा तेव्हा कुठं पाचवा घास चालू होता आणि डोळे अर्धे मिटलेले होते.

रांगेत पहिले होते टोपीवाले आजोबा. "साहेब, नावातली चूक दुरुस्त करायचीय. तीन महिने झाले हेलपाटे घालतोय. कुठल्या खिडकीला जाऊ?"

घाईकरनं सात बोटं वर केली. ती काकडीच्या चाव्यांची होती.

"सात? बरं!" म्हणून आजोबा निघाले. मागच्या बाईंनाही सातच नंबर मिळाला, कारण आठवं बोट वर यायला अजून अवकाश होता.

आता सातवी खिडकी होती खरी, पण बोळाच्या टोकाला, जुन्या कागदांच्या खोलीची. कित्येक वर्षं तिची फळी कुणी उघडलेली नव्हती. आजोबा तिथं जाऊन उभे राहिले, त्यांच्यामागे बाई. आणि रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशासाठी ते मग विचारतो. पावणेतीनपर्यंत तिथं चाळीस माणसं जमली. बाकीच्या खिडक्या ओस पडल्या.

"आत कुणीतरी आहे!" आजोबा फळीला कान लावून म्हणाले. "खुडबुड ऐकू येतेय. मुद्दाम उघडत नाहीत!"

लोक फळी बडवायला लागले. शेजारच्या खिडकीतल्या टायपिस्टबाई धावत आल्या आणि त्यांनी घाईकरला गदागदा हलवलं. "अहो घाईकर, काय करून ठेवलंत हे? साहेबांना कळलं तर तुमची नोकरी जाईल!"

"साहेब कुठायत?" त्यानं वाटाणा कसाबसा गिळून विचारलं.

"मीटिंगला गेलेत म्हणे. रोज याच वेळेला जातात."

घाईकर बोळातून धावत सुटला. "थांबा हो, चूक माझी आहे!" असं ओरडत तो पोचला, आणि त्याच क्षणी आतली गंजकी कडी तुटून फळी धाडकन वर गेली.

आत साहेब होते. मांडीवर क्रीमरोलचा खोका, मिशीला क्रीम आणि दोन्ही गाल टम्म फुगलेले. समोर चाळीस माणसं.

साहेबांनी तो सगळा ऐवज एकदम गिळायचा घाट घातला. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले. घाईकरला आपला रविवार आठवला. नोकरीबिकरी विसरून तो ओरडला, "गिळू नका साहेब! चावा! बत्तीस वेळा! आम्ही थांबतो!"

"एक," आजोबांनी सुरुवात केली. त्यांना मुळातच थांबायची सवय होती.

"दोन," बाई म्हणाल्या. मग सगळी रांगच मोजू लागली. आधी जरा चेष्टेच्या सुरात, पण पुढंपुढं आवाज हळू आणि एकसंध होत गेला, पाळणा हलवताना होतो तसा. साहेबांचे खांदे खाली आले. विसाच्या पुढं त्यांचे डोळे मिटले. बत्तीस झाले तेव्हा बोळात इतकी शांतता होती की मागं कुणीतरी जांभई दिलेली ऐकू आली.

"वेलची आहे यात," साहेब नवलानं म्हणाले. "आठ वर्षं खातोय. घरी पथ्य, म्हणून इथं लपून. वेलची असते, हे आज कळलं." मग त्यांनी खोका घाईकरपुढं धरला. "बघ, तुला लागते का."

घाईकरनं तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. साहेबांनी मिशी पुसली, आजोबांचा अर्ज ओढून घेतला आणि नावातली चूक तिथल्या तिथं दुरुस्त करून दिली. मग बाईंचा अर्ज घेतला, मग तिसरा. साडेपाचपर्यंत सगळी रांग संपली.

तेव्हापासून सातवी खिडकी रीतसर चालू आहे. दीड ते अडीच मात्र तिच्या फळीवर साहेबांच्या सहीची पाटी असते :

'आत जेवण चालू आहे. कृपया बाहेरून मोजू नये.'